फोन कुणाचा?

काळ्या डायलच्या फोनचा जमाना आठवा. घंटी वाजली की घरातून हमखास हाक यायची, ‘कुणाचा फोन?’ पलीकडे कोण बोलतेय, एवढाच त्याचा अर्थ. फोन स्वतः कुणाचा, हे विचारायची वेळच येत नसे. तो घराचा असे, नाहीतर शेजारच्या घराचा. लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर नंबरापुढे कंसात ‘पी. पी.’ लिहिलेले असे. म्हणजे हा नंबर शेजाऱ्यांचा, निरोप सांगा, ते बोलावून आणतील. आमच्या वाड्यात असा एकच फोन होता. कुणाची नोकरी पक्की झाली, कुणाचे पाहुणे मुलगी बघायला येणार, कुणाच्या गावाकडे कोण गेले, हे त्या घरातल्या काकूंना ज्याच्या त्याच्या घरच्यांआधी कळे. काकू चोरून ऐकत नसत. फोन त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशीच होता, त्याला त्या तरी काय करणार!

आज ‘फोन कुणाचा?’ असे विचारले जाते ते वेगळ्याच कारणाने. जेवणाच्या टेबलावर चार मोबाईल पडलेले असतात आणि त्यांतला एक थरथरतो. किंवा बँकेचा ओटीपी ज्या नंबरावर गेला तो नंबर मुलाचा असतो, मुलगा पुण्यात असतो आणि आई तालुक्याच्या बँकेत खिडकीपाशी उभी असते. शब्द तेच राहिले, अर्थ मात्र पलीकडच्या माणसावरून हातातल्या यंत्रावर आला. या अर्थबदलाच्या मधल्या जागेत मोबाईल संपर्काचा सामाजिक अभ्यास उभा आहे. हा संग्रह त्या अभ्यासाची मराठी वाचकाशी ओळख करून देतो आणि पुढे तो कोणत्या वाटेने जावा याबद्दल आपले म्हणणेही मांडतो.

या विद्याशाखेचा जन्म तसा दुर्लक्षातून झाला. वृत्तपत्र, रेडिओ, चित्रपट, दूरचित्रवाणी यांवर विसाव्या शतकात ग्रंथांचे ढीग रचले गेले, पण टेलिफोनकडे समाजशास्त्रज्ञ फारसे फिरकले नाहीत. कारण समजण्यासारखे आहे. वृत्तपत्राचा अंक जपून ठेवता येतो, दोन बहिणींचे दुपारचे बोलणे हवेत विरते. शिवाय त्या बोलण्यात अभ्यासण्यासारखे काय आहे, असाही पंडितांचा समज असावा. टेलिफोनच्या शताब्दीच्या सुमारास, १९७७ मध्ये, इथियल डी सोला पूल यांनी टेलिफोनच्या सामाजिक परिणामांवरचा लेखसंग्रह संपादित केला आणि ही कोंडी थोडी फुटली. पुढे १९९२ मध्ये क्लॉड फिशर यांनी १९४० पर्यंतच्या अमेरिकेतील टेलिफोनचा इतिहास लिहिला. त्यातली एक गोष्ट आजही उपयोगाची आहे. सुरुवातीला टेलिफोन कंपन्यांना लोकांनी, विशेषतः बायकांनी, फोनवर गप्पा माराव्यात हे पसंतच नव्हते. फोन कामासाठी आहे, अशी त्यांची समजूत. लोकांनी ती मोडून काढली आणि कंपन्यांना उशिरा कळले की खरा धंदा गप्पांतच आहे. यंत्र बनवणाऱ्याच्या मनात एक उपयोग असतो आणि वापरणाऱ्याच्या हातात दुसराच निघतो, हा या अभ्यासाचा पहिला धडा.

३ एप्रिल १९७३ रोजी मोटोरोलाचे मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातात धरायच्या फोनवर पहिला कॉल केला. तो केला प्रतिस्पर्धी बेल लॅब्जमधील जोएल एंगल यांना, म्हणजे मोबाईलवरचे पहिले बोलणे खिजवण्यासाठीच झाले म्हणायचे. १९७९ मध्ये टोकियोत आणि १९८१ पासून उत्तर युरोपात व्यापारी सेवा सुरू झाली. साहजिकच अभ्यासाचे पहिले घराणेही तिथेच घडले. नॉर्वेत रिच लिंग आणि बिर्गिट्टे इट्री यांनी किशोरवयीन मुलांच्या वापरातून एक साधी पण दूरवर जाणारी कल्पना मांडली. मोबाईलमुळे ठरवणे ही एकदाच करायची गोष्ट उरली नाही, ती सतत चालणारी गोष्ट झाली. ‘सहाला चौकात भेटू’ याऐवजी ‘निघालोय’, ‘पुलाखाली थांब’, ‘अरे, दुसऱ्या बाजूला’ असे भेटीचे बारीक बारीक हप्ते पडू लागले. २००२ मध्ये जेम्स कॅट्झ आणि मार्क आखुस यांनी संपादित केलेल्या ग्रंथात निरनिराळ्या देशांतली अशी निरीक्षणे एकत्र आली. २००५ मध्ये मिझुको इतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानचे चित्र रेखाटले. तिथे लहान घरात आईवडिलांच्या नजरेखाली वाढणाऱ्या मुलांना त्या चिमुकल्या पडद्यावर पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली होती. मॅन्युएल कॅस्टेल्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. २०१३ मध्ये या विषयाला वाहिलेले स्वतंत्र संशोधन नियतकालिकही निघाले. विषयाला घर मिळाले.

या पहिल्या घराण्याचे एक गृहीत होते आणि ते इतके स्वाभाविक वाटे की कुणी बोलून दाखवले नाही. एक माणूस, एक फोन. नॉर्वेत आणि जपानात ते बऱ्यापैकी खरेही होते.

दुसऱ्या घराण्याने फोन गरीब देशांत नेऊन पाहिला. त्यातला सर्वांत गाजलेला अभ्यास आपल्या शेजारचा, केरळच्या उत्तर किनाऱ्यावरचा. रॉबर्ट जेन्सन यांनी १९९७ ते २००१ या काळात, मनोरे उभे राहत असताना, मासळीच्या भावांची नोंद ठेवली. पूर्वी एका बंदरात मासळी फेकून द्यावी लागे आणि काही मैलांवर गिऱ्हाईक रिकाम्या पिशवीने परते. समुद्रातूनच भाव विचारता येऊ लागल्यावर ही तफावत जवळजवळ मिटली. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. २००७ मध्ये हा निबंध आला आणि ‘फोन दिला की गरिबी हटते’ असे म्हणणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळाले. जेन्सन स्वतः इतके सरसकट बोलले नव्हते. पुढे जानकी श्रीनिवासन आणि जेना बरेल यांनी २०१३ मध्ये केरळच्या मच्छीमारांकडे पुन्हा पाहिले आणि बाजाराची घडण, लिलाव करणारे, त्यांच्याशी असलेले पैशाचे संबंध या गोष्टी पुढे आणल्या. साधा हिशेब आहे. ज्याच्याकडून उचल घेतली त्यालाच मासळी घालायची असेल, तर पलीकडच्या बंदरातला भाव कळून उपयोग काय? हे कोकणातल्या कुठल्याही जेटीवर कुणीही सांगेल.

याच काळात हेदर हॉर्स्ट आणि डॅनियल मिलर यांनी जमैकातील गरीब वस्त्यांत राहून २००६ मध्ये दाखवले की तिथे फोन नवा धंदा काढायला फारसा वापरला जात नव्हता. तो ओळखी ऊबदार ठेवायला आणि अडीनडीला पैसे मागायला वापरला जात होता. जोनाथन डॉनर यांनी २००७ मध्ये आफ्रिकेतील ‘बीप’ देण्याचे नियम लिहिले. आपण त्याला मिस कॉल म्हणतो. ज्याच्याकडे पैसे जास्त, त्याने परत फोन करायचा. मुलगी माहेरी मिस कॉल देई आणि वडील परत फोन लावत. त्यात नात्याचा आणि खिशाचा हिशेब एकत्र असे. एक पैसा खर्च न करता झालेले ते बोलणे कंपनीच्या उत्पन्नात कुठेच दिसत नव्हते, आणि तरी त्यातून सर्व काही कळत होते.

भारतात मोबाईलचा पहिला कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन लावला. तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या कॉलचेही पैसे पडत. २००३ पासून येणारा कॉल फुकट झाला आणि मोबाईल साहेबाच्या पट्ट्यावरून उतरून भाजीवाल्याच्या बंडीपर्यंत आला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर डेटा इतका स्वस्त झाला की बोलणे हे फोनचे दुय्यम काम बनले. सरकारी पत्रांतला ‘भ्रमणध्वनी’ तेवढा जागच्या जागी राहिला. या प्रवासाचा पहिला मोठा ग्रंथ रॉबिन जेफ्री आणि असा डोरन यांचा, २०१३ मधला. त्यात मनोऱ्यांचे राजकारण आहे, फोन दुरुस्त करणारे आहेत आणि बनारसचे नावाडीही आहेत. डोरन यांनी एका लेखात बनारसमधल्या नव्या सुनेच्या फोनबद्दल लिहिले. सासरी आल्यावर तिचा फोन कुणाच्या ताब्यात राहतो, यावरून घराची सारी उतरंड उलगडते. सिर्पा तेनहुनेन यांनी पश्चिम बंगालमधील एका गावाचा अनेक वर्षे माग ठेवून २०१८ मध्ये पुस्तक लिहिले. त्यातल्या बायकांनी फोनचे पहिले काय केले? माहेराशी तुटलेला धागा जोडला. जात्यावरच्या ओव्यांत शेकडो वर्षे जी तळमळ आहे, तिचे उत्तर कुणीतरी खिशात घालून आणले होते. फक्त खिसा बहुधा नवऱ्याचा होता.

तिसरा प्रवाह स्मार्टफोनसोबत आला आणि त्याचा सूर बदललेला आहे. फोन काय जोडतो याऐवजी फोन काय बिघडवतो, हा त्याचा प्रश्न. महाराष्ट्राला तो १ जुलै २०१८ रोजी अत्यंत क्रूरपणे विचारला गेला. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवांच्या दिवसांत, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एकावेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. पण फॉरवर्डने माणसे मारली, असे म्हणून थांबणे सोपे आहे. भिक्षेकरी भटक्यांकडे संशयाने पाहायची सवय फोनच्या कितीतरी आधीची आहे. अफवेला वाहन नवे मिळाले, तिला धावायला वाट जुनीच होती. दोन्ही एकत्र पाहणारा अभ्यास आपल्याकडे अजून थोडा आहे.

मुलांच्या मनाचा वाद याच प्रवाहातला. शेरी टर्कल यांनी २०११ मध्ये एकत्र असूनही एकटे असण्याबद्दल इशारा दिला. जोनाथन हाइट यांनी २०२४ मध्ये स्मार्टफोनने बालपणच बदलून टाकल्याचे सांगितले आणि ते पुस्तक जगभर गाजले. उलट बाजूला एमी ऑर्बन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये सुमारे साडेतीन लाख किशोरवयीनांची माहिती तपासून म्हटले होते की, मुलांच्या मनःस्वास्थ्यातील फरकापैकी फार तर ०.४ टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो. एवढी तफावत का? एक कारण मोजण्यातच आहे. ‘दिवसातून किती वेळ फोन बघता?’ या प्रश्नाला माणसे देतात ते उत्तर आणि फोनमधली नोंद यांचा मेळ बसत नाही, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. शिवाय तासांच्या बेरजेत गणिताचा व्हिडिओ, मामाशी बोलणे आणि रात्री दोनपर्यंतचे रील सारख्याच वजनाचे धरले जातात. संशोधकांचा वाद मिटायची वाट गावांनी पाहिलेली नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचे ठरले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. या दोन गावांतला फरक मला मोलाचा वाटतो. एका ठिकाणी सर्वांनी फोन खाली ठेवायचा आहे, दुसऱ्या ठिकाणी फक्त लहानांनी.

इथेच ‘एक माणूस, एक फोन’ हे जुने गृहीत आड येते. जोडण्यांची संख्या भारतात ११० कोटींच्या वर आहे, पण जोडणी म्हणजे माणूस नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांनी सांगितले की आपण स्वतः वापरतो असा मोबाईल आपल्याकडे आहे. उरलेल्या फोनविना जगत असतात असे नाही. त्या नवऱ्याच्या, मुलाच्या, जावेच्या फोनवर बोलतात. टाळेबंदीत शाळा फोनवर आली तेव्हा घरातला एक मोबाईल सकाळी बापाबरोबर कामावर जाई आणि शिकवणी संध्याकाळी त्याच्या खिशातून घरी येई. दोन मुले असली तर आधी कुणाचा तास, हे घर ठरवी. ही सर्व माणसे एका नंबरात मिसळलेली आहेत. कंपनीच्या यंत्राला तो एकच ग्राहक दिसतो, ज्याला खतांचे भाव, भजने आणि पाचवीचा भूगोल असे सर्व आवडते!

राज्यसंस्थेलाही तो एकच दिसतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी आली. पूर्वी तलाठी बांधावर येई, आता शेतकऱ्याने स्वतः शिवारात उभे राहून पिकाचा फोटो ॲपवर चढवायचा. जिथे रेंज नाही, जिथे खातेदार म्हातारा आहे आणि फोन नातवाचा आहे, तिथे सातबारा आणि सिमकार्ड यांची गाठ घालावी लागते. त्याच महिन्यात अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. फोन गरम होतात, अडकतात आणि पोषणाची माहिती भरायचे ॲप इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. संपर्काच्या इतिहासात फोन नाकारण्याचे प्रसंग थोडे. एखादे यंत्र माणसाला काय देते हे त्याच्या जाहिरातीतून कळते, काय मागते ते परत करणाऱ्याकडून.

म्हणून या संशोधनाच्या भविष्याबद्दल बोलताना मला नव्या यंत्रांपेक्षा तीन अडचणी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, माहिती आता संशोधकाच्या हाती नाही. व्हॉट्सॲपवरचे बोलणे २०१६ पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद आहे, आणि ते तसेच असावे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलेच आहे. पण जे सार्वजनिक आहे तेही आटत चालले. समाजमाध्यमांवर काय पसरते हे पाहण्यासाठी अभ्यासक आणि पत्रकार वापरत असलेले क्राउडटँगल हे साधन मेटाने ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केले. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यात पारखून घेतलेल्या संशोधकांना मोठ्या कंपन्यांकडे माहिती मागण्याची सोय आहे. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला काही सूट आहे, मागण्याचा हक्क नाही. उरतो तो मार्ग माणसांनी आपला तपशील समजून-उमजून स्वतः अभ्यासकाला देण्याचा. त्यासाठी आधी विश्वास लागतो, आणि तो मराठीत बोलून मिळवावा लागतो.

दुसरी अडचण भाषेची. फोन आता टंकण्यापेक्षा बोलण्याने चालू लागला आहे. अक्षर न येणारी आजी आवाजी निरोप पाठवते, शेतकरी फोनला तोंडी प्रश्न विचारतो आणि कृत्रिम बुद्धिमत्ता त्याला उत्तर देते. पलीकडे कोण आहे, हा काळ्या फोनचा प्रश्न इथे पुन्हा दाराशी उभा राहतो, कारण पलीकडे कुणी नसण्याची शक्यता आता खरी आहे. ते यंत्र अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी किती समजते आणि न समजल्यावर माणूस आपली बोली बदलतो का, हे तपासायला परदेशातून कुणी येणार नाही.

तिसरी अडचण सवयीची. रिच लिंग यांनीच २०१२ मध्ये दाखवले की घड्याळ, मोटार आणि मग मोबाईल या वस्तू इतक्या गृहीत धरल्या जातात की दिसेनाशा होतात. हवा दिसत नाही, श्वास कोंडला की कळते. तेव्हा फोन जिथे नसतो, बंद पडतो, काढून घेतला जातो, तिथे अभ्यासकाने उभे राहावे. इंटरनेट बंद केलेला जिल्हा, रेंजसाठी टेकडीवर चढणारी मुले, ऊसतोडीला गेलेल्या आईबापाच्या फोनची वाट पाहणारे आजीजवळचे लेकरू, हप्ता थकल्याने बंद झालेला हँडसेट. अमेरिकेतल्या नातवाशी व्हिडिओवर बोलून झाल्यावर पुण्यातल्या घरात पसरणारी शांतताही यातच येते.

या संग्रहासाठी लेखकांना एकच अट घातली होती. फोनबद्दल लिहिण्याआधी तो कुणाचा, हे नीट सांगा. पैसे कुणी भरले, सिम कुणाच्या नावावर आहे, कुलूप कोण उघडू शकते, रात्री तो कुणाच्या उशाशी असतो. काहींना ही अट बाळबोध वाटली. पण तिच्यामुळे ‘मोबाईलचा समाजावर परिणाम’ या शाळकरी निबंधाच्या मथळ्यातून आम्ही सुटलो, आणि लेख जात, शेती, लग्न, मजुरी, म्हातारपण अशा ओळखीच्या रस्त्यांवर आले. आकडेवारी जिथे भक्कम आहे तिथे वापरली आहे. पुष्कळ ठिकाणी मात्र बसून ऐकण्यावर भर आहे. शहरी तरुणांचे जग इथे कमी आले आहे, कारण त्यावर इंग्रजीत भरपूर लिहिले गेले आहे. या पुस्तकातून मोबाईल चांगला की वाईट याचा निवाडा मिळणार नाही. वाचून झाल्यावर घरातल्या फोनांकडे एकदा नव्याने पाहिले गेले, तर आमचे काम झाले.

शेवटी पुन्हा त्या काकू आठवतात. वाड्यातल्या प्रत्येकाची खबर त्यांना आधी कळे, हे कुणाला आवडत असे असे नाही. पण त्या कोण आहेत हे सर्वांना माहीत होते. ‘माझा निरोप दोन दिवस का दिला नाहीत?’ असे जाऊन विचारता येई. भांडता येई, आणि संक्रांतीला तिळगूळ देऊन भांडण मिटवता येई. आजही आपली खबर घरच्यांआधी कुणालातरी कळते. ते कोण, त्यांना काय कळते आणि जाब विचारायचा तर कुठले दार वाजवायचे, हे शोधून काढणे हेच या संशोधनाचे पुढचे काम आहे.